सार्वजनिक काका : अर्ज, मुखत्यारपत्र आणि लोकांचा आवाज

१

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास प्रामुख्याने ग्रंथकार, संपादक आणि समाजसुधारक यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. लोकहितवादी, जोतीराव फुले, विष्णुशास्त्री चिपळूणकर, न्यायमूर्ती रानडे यांची लेखनसंपदा उपलब्ध असल्यामुळे वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना सहजच जागा मिळाली. गणेश वासुदेव जोशी यांच्या बाबतीत तसे घडले नाही. त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु ते एका सभेचे संस्थापक म्हणून, आणि तेही बहुधा रानडे यांच्या चरित्रातील एका प्रकरणापुरते. ज्या लेखनप्रकारात त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली, तो प्रकार म्हणजे सरकारकडे पाठवावयाचा अर्ज. अर्जाला कर्ता नसतो, सह्या असतात. मंजूर झाला तर तो विसरला जातो आणि नामंजूर झाला तर दप्तरात पडून राहतो. अशा लेखनाला वाङ्मय म्हणण्याची आपली रीत नाही.

तथापि मराठी गद्य सरदार-दरकदारांच्या पत्रव्यवहारातून बाहेर पडून लोक नावाच्या एका नव्या समूहाच्या वतीने बोलू लागले, त्या स्थित्यंतराचा विचार जोशी यांना वगळून करता येत नाही. गाऱ्हाणे कोणी मांडावे, कोणाच्या नावाने मांडावे आणि ते ऐकले गेले नाही तर पुढे काय करावे, हे तीन प्रश्न त्यांच्या सार्वजनिक आयुष्याच्या दहा वर्षांत एकामागून एक उभे राहिले. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी आपल्या परीने उत्तरे दिली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

२

जोशी यांचा जन्म १८२८ मध्ये सातारा येथे झाला. त्यांच्या बालपणीचे सातारा हे छत्रपतींच्या गादीचे गाव होते. पण त्या गादीची सत्ता इंग्रजांच्या मर्जीवर उभी होती. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. कंपनीचे संचालक आणि पार्लमेंटचे सभासद यांच्यापुढे त्यांनी वर्षानुवर्षे दाद मागितली आणि १८५३ मध्ये ते रिक्त हस्ते परतले. तोपर्यंत १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले होते. राजाचा वकील परक्या सत्तेच्या दारी न्याय मागत राहतो आणि त्याला तो मिळत नाही, ही गोष्ट त्या पिढीतील सातारकरांच्या डोळ्यांसमोर घडली. जोशी यांच्या मनावर तिचा नेमका कोणता परिणाम झाला, ह्याविषयी तर्क करण्याचे कारण नाही. मात्र रंगो बापूजींची दाद एका राजाची होती आणि जोशी यांनी पुढे मागितलेली दाद रयतेची होती, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ह्या दोहोंमधील अंतर सुमारे तीस वर्षांचे असले, तरी तेवढ्या काळात अर्जदाराची कल्पनाच पालटली.

तरुणपणी ते पुण्यास आले. काही काळ त्यांनी सरकारी नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन पुण्याच्या न्यायालयात व्यवसाय आरंभिला. मुंबई विद्यापीठातून १८६२ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांच्या वर्गात त्यांची गणना होत नाही. रानडे यांच्यासारखी इंग्रजी विद्येची पार्श्वभूमी त्यांना नव्हती. त्यांचे शिक्षण कचेरीत झाले. अर्ज, कैफियत, दस्तऐवज, वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र ह्या कागदांच्या जगात ते वाढले. कायद्यापुढे तोंडी तक्रारीला किंमत नसते आणि दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे झाल्यास तसा लेखी अधिकार लागतो, ही वकिलीतील अगदी प्राथमिक गोष्ट आहे. ती सार्वजनिक जीवनास लागू करणे हे जोशी यांचे वैशिष्ट्य ठरले.

३

सरकारकडे सामुदायिक अर्ज करण्याची प्रथा त्यांनी सुरू केली असे नाही. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी प्रभृतींनी २६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशनची स्थापना केली होती, आणि कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न पार्लमेंटपुढे आला तेव्हा त्या संस्थेने विस्तृत अर्ज पाठविला होता. मुंबईचे ते पुढारी आपल्या प्रतिष्ठेच्या बळावर बोलत. शेठ-सावकार आणि विद्वान यांचे म्हणणे सरकारने ऐकावे, हे त्या अर्जांमागील गृहीत होते.

पुण्यात प्रश्न निराळ्या वाटेने आला. पेशवाईत स्थापन झालेल्या पर्वती संस्थानच्या देवस्थानाचा कारभार इंग्रजी अमलात पंचांकडे होता, आणि त्या कारभाराविषयी शहरात असंतोष होता. गावकऱ्यांनी तक्रार करावयाची ठरविली तेव्हा, तक्रार करणारे हे कोण आणि त्यांना गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, हा मुद्दा पुढे आला. दुसरा एखादा पुढारी ह्या प्रश्नाने चिडला असता. जोशी यांनी तो वकिलाच्या दृष्टीने पाहिला आणि त्यात तथ्य आहे असे मानले. अधिकार नसेल तर तो लोकांकडून लेखी मिळवावयाचा, हा त्यांचा निष्कर्ष होता.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. औंधचे श्रीमंत श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे तिचे पहिले अध्यक्ष. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र सादर केले पाहिजे, असा नियम करण्यात आला. आरंभी ९५ सभासद झाले आणि त्यांच्या मुखत्यारपत्रांवर सुमारे ६००० लोकांच्या सह्या होत्या. कायदेमंडळात लोकनियुक्त प्रतिनिधी नावाची गोष्ट हिंदुस्थानात अस्तित्वात नसताना पुण्यातील एका वकिलाने न्यायालयातील मुखत्यारपत्राचे रूपांतर प्रतिनिधित्वाच्या साधनात केले. मतपत्रिका येण्यापूर्वी मुखत्यारपत्र आले, असे ह्या घटनेचे वर्णन करता येईल. पक्षकाराने वकिलास नेमावे तसे रयतेने सभेस नेमावयाचे, आणि सभेने सरकारपुढे तिची वकिली करावयाची. सरकारचे हेतू लोकांस समजावून देणे आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे असे सभेचे दुहेरी कार्य ठरविण्यात आले.

संस्थेच्या नावातील विशेषण पुढे व्यक्तीला चिकटले आणि जोशी हे सार्वजनिक काका झाले. ह्या संबोधनाकडे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावयास हवे. काका हा घरातला शब्द. सार्वजनिक हा नव्याने रुजू पाहणारा, घराबाहेरच्या व्यवहाराचा शब्द. जात, पेठ आणि नातेगोते यांपलीकडच्या हिताची कल्पना लोकांच्या पचनी पडली ती एका नात्याच्या शब्दाचा आधार घेऊन, असे ह्या जोडशब्दावरून दिसते.

४

१८७१ मध्ये रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले आणि सभेच्या कार्यास अभ्यासाची जोड मिळाली. सरकारी नोकरीमुळे रानडे यांना पडद्याआड राहणे भाग होते. मसुद्यामागचा विचार पुष्कळदा त्यांचा असे. माणसे जमविणे, सह्या घेणे, गावोगाव हिंडणे आणि सभा भरविणे हा भार काकांवर असे. सीताराम हरी चिपळूणकर आणि कृष्णाजी लक्ष्मण नूलकर यांसारखे सहकारीही सभेस लाभले. विचार एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे अशी ही सरळ वाटणी नव्हती. कारण अर्जाला वजन येते ते त्यातील युक्तिवादाने जितके, तितकेच त्यामागील माहितीने. आणि माहिती गोळा करण्यासाठी लोकांचा विश्वास लागतो. तो काकांनी मिळविलेला होता.

ह्या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे १८७३ चा अहवाल. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटने समिती नेमली होती. तिच्यापुढे ठेवण्यासाठी सभेने एक उपसमिती नेमून महाराष्ट्रातील जमीनमहसूल, शेतकऱ्यांची स्थिती आणि करांचा बोजा यांविषयी माहिती संकलित केली आणि ती प्रसिद्ध केली. तक्रार करण्यापूर्वी पाहणी करावयाची, हा क्रम येथे रूढ झाला. जुन्या अर्जातील अर्जदार आपले दुःख सांगून दयेची याचना करी. सभेचा अर्जदार आकडे मांडून कारणे दाखवितो आणि उपाय सुचवितो. मराठी माणसाच्या राजकीय भाषेतील हा बदल लहान नाही.

त्याच सुमारास इंदापूर, भीमथडी, हवेली इत्यादी तालुक्यांत तीस वर्षांची मुदत संपून जमिनीची फेरपाहणी झाली आणि सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. त्याविरुद्ध ओरड झाली. सभेनेही शेतकऱ्यांची बाजू लावून धरली. अखेर १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातली. संपूर्ण तालुक्यास ३३ टक्के, एका गावास ६६ टक्के आणि एका खातेदारास १०० टक्के यांपेक्षा अधिक वाढ होऊ नये, असे ठरले. अर्जाच्या मार्गाने काही मिळू शकते, ह्या श्रद्धेला असा आधार मिळाला. परंतु तो पुरेसा नव्हता. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि दंग्यांचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ज्यांच्या वतीने सभा कागद लिहीत होती, त्यांनी आपला राग कागदावरच काढला. पण तो कागद जाळून. कर्जाचे आणि इतर तंटे न्यायालयाबाहेर सुटावेत ह्यासाठी १८७६ मध्ये पुण्यात लवाद न्यायसभा उभी राहिली. तिच्यामागेही काकांचा पुढाकार होता. वकिलीवर पोट असलेल्या माणसाने न्यायालयाची पायरी चढू नये असा उपदेश लोकांस करावा, ह्यात त्यांच्या निःस्पृहतेची खूण दिसते.

१८७५ मध्ये सभेने ह्याहून धीट मागणी केली. हिंदुस्थानच्या लोकांस ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व मिळावे, अशा आशयाचा अर्ज हजारो सह्यांनिशी पाठविण्यात आला. मागणी मान्य होण्याची शक्यता नव्हती. परंतु कोणत्या करात किती सूट मिळावी, हा प्रश्न मागे पडून कर बसविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे आला. त्याच वर्षी बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटास विषप्रयोग केल्याचा आरोप येऊन चौकशी झाली. चौकशी मंडळातील युरोपियन आणि हिंदी सभासदांत मतभेद होऊनही मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यांच्या बचावासाठी काकांनी बडोद्यास जाऊन खटपट केली. मल्हाररावांचा कारभार निर्दोष होता असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न न्यायाच्या रीतीचा होता, आणि काकांचा आग्रह त्या रीतीविषयी होता.

५

अर्ज हा दुसऱ्याने काही करावे म्हणून असतो. आपण स्वतः काय करावयाचे, हा विचार काकांच्या मनात सभेच्या आरंभापासूनच होता. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली. स्वतः सूत कातून त्याचे कापड ते अंगावर घालीत. देशी मालाच्या विक्रीसाठी त्यांनी दुकाने काढण्यास चालना दिली आणि देशी व्यापारोत्तेजक मंडळ स्थापन केले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये स्त्री विचारवती सभा सुरू केली आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना एकत्र आणले. वंगभंगाच्या चळवळीतील स्वदेशीच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. स्वदेशीचा व्यापारी हिशेब त्या काळी फारसा जमला नाही. पण जो सरकारकडे मागणी करतो त्याच्यावरही काही बंधन असते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

१ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे पद धारण केल्याची घोषणा झाली. राजेरजवाड्यांच्या त्या थाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका जाड्याभरड्या खादीच्या वेषात उपस्थित होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना सभेतर्फे मानपत्र देण्यात आले. मानपत्र अभिनंदनाचे खरे. परंतु इतर ब्रिटिश प्रजाजनांना जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी लोकांस मिळावा, ही मागणी त्यात नम्र शब्दांत गुंफलेली होती. राजनिष्ठेची भाषा सांभाळून हक्काची मागणी करणे ही ह्या पिढीची लेखनरीती होती. तिला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. तथापि राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातील अभिवचनेच सरकारपुढे पुराव्यादाखल ठेवावयाची, हे त्या राजनिष्ठेमागील वकिली कौशल्य होते.

दिल्लीत दरबार भरला होता तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ ह्या काळात सभेने आपल्या माणसांकडून तालुक्यातालुक्यांतील हकिकती मागविल्या आणि त्या सातत्याने सरकारकडे पाठविल्या. दुष्काळी कामांवरील मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दररोज सुमारे एक पौंड धान्याच्या किमतीइतकी खाली आणण्यात आली. खडी फोडणाऱ्या माणसाचे एवढ्यावर कसे भागावे, हा प्रश्न सभेने लावून धरला. मजुरांनीही मोठ्या संख्येने कामे सोडली. अर्जाची भाषा आणि प्रत्यक्ष भूक ह्या काळात एकमेकींच्या सर्वांत जवळ आल्या. मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघाले.

६

सभेच्या प्रातिनिधिकतेवर त्या काळीच आक्षेप घेतले गेले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. सभासदांत ब्राह्मण, सरदार, इनामदार आणि सावकार यांचे प्राबल्य होते. मुखत्यारपत्रावर सही करण्यासाठी अक्षरओळख किंवा निदान सभासदाशी संबंध तरी हवा. ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाजाची स्थापना केली. शूद्रातिशूद्रांच्या वतीने बोलण्याचा सार्वजनिक सभेचा दावा त्यांना मान्य नव्हता. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. दिल्लीतील खादीचा अंगरखा आणि पुण्यातील शेतकऱ्याचे मुंडासे ही अकरा वर्षांच्या अंतराने घडलेली दोन दर्शने एकाच सत्तेसमोरची आहेत. पहिल्यात देशाचे गाऱ्हाणे होते. दुसऱ्यात, ते गाऱ्हाणे मांडणाऱ्यांतही आम्ही नाही, हे गाऱ्हाणे होते. काकांनी निर्माण केलेल्या कसोटीवरच काकांची सभा तपासली गेली, ह्यात त्या कसोटीचे महत्त्व आहे.

दुसरा आक्षेप नुसत्या शब्दांचा नव्हता. लष्करी हिशेबखात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यातील व्याख्याने ऐकत होते, स्वदेशीचा पुरस्कार करीत होते. आजारी आईस भेटण्यासाठी त्यांनी केलेला रजेचा अर्ज वेळेवर मंजूर झाला नाही आणि आईची अखेरची भेट झाली नाही, ही हकिकत त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. दुष्काळाने होरपळलेला मुलूख पाहून त्यांनी अर्जाचा मार्ग सोडला आणि १८७९ मध्ये रामोशी व इतर साथीदारांसह बंड पुकारले. सरकारच्या संशयाची छाया पुण्यातील सर्वच सार्वजनिक कार्यावर पडली. रानडे यांची धुळ्यास बदली झाली. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला चालला.

त्यांचे वकीलपत्र घेणे ह्याचा अर्थ त्या दिवसांत उघड होता. सनदशीर मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या सभेच्या संस्थापकाने ते घेणे तर सभेच्याच अस्तित्वाला धोक्यात घालणारे होते. काकांनी ते घेतले. फडके यांचा मार्ग त्यांना मान्य नव्हता; त्यांचे उभे आयुष्य विरुद्ध मार्गाने गेले होते. परंतु आरोपीस बचावाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यांनी मल्हाररावांच्या प्रकरणात धरले होते, तेच येथे धरले. एका अर्थाने मुखत्यारपत्राच्या कल्पनेचीच ही अंतिम परीक्षा होती. ज्याला दुसरा कोणी आवाज नाही त्याच्या वतीने बोलावयाचे, तर तो माणूस आपल्या मताचा असलाच पाहिजे अशी अट घालता येत नाही. ७ नोव्हेंबर १८७९ रोजी फडके यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि तेथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. काका तोवर राहिले नव्हते. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

७

पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरवावयाचे ठरले होते आणि त्याच्या व्यवस्थेचा भार सार्वजनिक सभेवर होता. कॉलऱ्याच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले. १८९५ मध्ये सभा टिळकांच्या अनुयायांच्या ताब्यात गेली. १८९६ च्या दुष्काळात सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, पीक बुडाले असल्यास सारा न देण्याचा हक्क सरकारच्याच नियमांत आहे, हे शेतकऱ्यांस समजावून दिले. १८९७ मध्ये सरकारने, सभेस लोकांच्या वतीने सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार उरलेला नाही, असे जाहीर केले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या प्रश्नातून सभा जन्मास आली होती, त्याच प्रश्नाच्या शब्दांत तिची मान्यता गेली. परंतु आता परिस्थिती पालटली होती. सरकारने मान्यता दिली तरच आपण लोकांचे प्रतिनिधी, असे मानण्याची गरज पुढाऱ्यांस वाटेनाशी झाली होती. अधिकार लोकांकडून मिळतो, हे तत्त्व काकांनी पन्नास सह्यांच्या कागदातून शिकविले होते.

अर्जविनंत्यांच्या राजकारणाला पुढील पिढीने भिक्षांदेही ठरविले. तो निवाडा फलिताच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, कारण बहुतेक अर्ज निष्फळ ठरले. मात्र अर्ज लिहिण्याच्या खटाटोपात जे घडले त्याचे मोल मंजुरीवर अवलंबून नाही. गावातील माणसाकडून त्याची हकिकत विचारून घेणे, ती पडताळून पाहणे, इतरांच्या हकिकतींशी जुळविणे आणि ह्या सर्वांच्या वतीने एक सुसंगत निवेदन रचणे, ह्या प्रक्रियेत विखुरलेली दुःखे सार्वजनिक प्रश्न बनली. मराठी निबंधाने विचारांचे गद्य घडविले, वृत्तपत्रांनी वादाचे गद्य घडविले. त्यांच्या शेजारी निवेदनाच्या ह्या गद्याची नोंद घेणे अगत्याचे आहे. सार्वजनिक काकांनी स्वतःच्या नावावर फारसे काही लिहून ठेवले नाही. जे लिहिले गेले ते पुष्कळांच्या सह्यांनी गेले, आणि त्यांनी ते तसेच असावे अशी व्यवस्था केली होती.